रिटर्न भाड्याची होडी

29 डिसेंबर 2024

व्यवहार ठरला. 21 फुटी फायबरची शिडाची होडी. चेन्नईच्या दक्षिणेला कोवलमजवळ एका निवृत्त गृहस्थांच्या आवारात नारळाखाली सहा वर्षं उभी आहे. डोलकाठी, शिडं, सुकाणू सगळं आहे, इंजिन नाही. बरंच आहे, एक कटकट कमी. बुडाखाली बिडाची कील, उभ्या पंखासारखी, वजन 340 किलो असं मालक म्हणतात.

दुरुस्ती इथं कोल्हापुरातच करणार. वर्कशॉप इथं, टर्नर इथं, फाउंड्री इथं. काम झालं की घाट उतरून कोकणात नेऊन पाण्यात सोडायची. हे मी आतापर्यंत अकरा जणांना सांगितलं आणि नऊ जणांनी विचारलं, "पुरासाठी काय?" 2019 आणि 2021 बघितलेल्या कोल्हापूरकराला होडी म्हटलं की पंचगंगाच आठवते. घरातूनही तोच प्रश्न आला, फक्त जरा वेगळ्या सुरात.

3 जानेवारी 2025

दिवसभर फोन. तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चौकशी केली. "होडी" म्हटलं की पलीकडं शांतता, मग "किती टन?" होडी सगळी मिळून टनभर सुद्धा नाही. तिला जागा लागते, आणि ट्रकवाला जागेचे पैसे टनापेक्षा जास्त घेतो. एकट्या होडीसाठी इथून रिकामी गाडी पाठवायची तर 68,000 पासून पुढं. जवळच्या गाड्या बघाव्यात तर गाळप चालू, निम्मे ट्रक उसात.

संध्याकाळी उद्यमनगरात चहाला फाउंड्रीवाला मित्र भेटला. त्याची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, दर आठवड्याला चेन्नईजवळच्या ओरगडमला जातात. "गाडी येताना माल शोधत होसूरपर्यंत रिकामीच येती की. तुझी होडी टाक तिच्यात." रिटर्न भाडं 34,000, हमाली आणि क्रेन माझी, थांबली तर हॉल्टिंग वेगळं. दहा मिनिटांत ठरलं. दिवसभर फोन कशाला केले कुणास ठाऊक.

एक गंमत आज नकाशा बघताना लक्षात आली. शिरोलीच्या नाक्यावरून जो हायवे जातो, पुरात पाणी आलं की बंद पडतो तो, तोच राष्ट्रीय महामार्ग 48 पुढं बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत चेन्नईला संपतो. साधारण 960 किलोमीटर, आणि सगळा एकच रस्ता.

6 जानेवारी

मापं. मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर टेप लावून फोटो पाठवले. इकडं मी ट्रकच्या अड्ड्यावर जाऊन गाडी मोजली.

गाडी 22 फुटी हाफ बॉडी. फळ्यांच्या आतून रुंदी 7 फूट 4 इंच, बाहेरून 7 फूट 10. होडीची जास्तीत जास्त रुंदी 7 फूट 8. म्हणजे बसत नाही. पण होडी वर रुंद आणि खाली निमुळती असते. बाजूच्या फळ्या अडीच फूट उंच, आणि होडी सगळ्यात रुंद आहे ती बुडापासून 3 फूट 4 इंचावर. तिच्याखाली 9 इंचांचा पाळणा, म्हणजे होडी बसवायचा आधार, धरला तर रुंद भाग फळ्यांच्या वर जातो. फळीच्या उंचीला होडीचं अंग 6 फूट 8 इंच, म्हणजे दोन्हीकडं चार-चार इंच मोकळं. गाडीच्या बाहेरच्या अंगापेक्षा काहीच बाहेर डोकावत नाही.

हे महत्त्वाचं आहे. गाडीची रुंदी 2.6 मीटरपर्यंत चालते, त्यामुळं रुंद गाडी घेता येते. पण माल गाडीच्या बाहेर बाजूला, पुढं किंवा मागं आला की मोटार वाहन कायद्यात 2019 पासून 20,000 रुपये दंड आहे, वर माल उतरवून घ्यायचा खर्च. चार इंचांसाठी वीस हजार.

डोलकाठी 27 फूट. गाडीची बॉडी 22. ती पुढं ड्रायव्हरच्या केबिनवरून न्यावी लागणार. केबिन धरून बंपरपर्यंत 28 फूट 8 इंच भरतात. बसते.

8 जानेवारी

कील काढायची की ठेवायची, यावर मित्राशी भांडण. तो म्हणतो, जुने बोल्ट, गंजलेले असणार, हात लावू नकोस, आहे तशी आण. कीलसकट उंची 12 फूट 4 इंच होते. 4 मीटरच्या मर्यादेत आहे, म्हणजे कायद्याची अडचण नाही. अडचण माझ्या डोक्यात आहे. तीन फुटांच्या पंखावर होडी उभी केली की तिचं सगळं अंग फळ्यांच्या वर हवेत जाणार, खड्ड्यात डोलणार आणि बाजूच्या आधारांवर भार येणार.

पाण्यात होडीला सगळीकडून सारखा आधार असतो. ट्रकवर तो चार-सहा ठिकाणीच मिळतो. फायबरचं अंग फक्त आठ-दहा मिलिमीटर जाड. वजन मधल्या कण्यावर घ्यायचं, बाजूच्या आधारांनी होडी नुसती सरळ धरायची. ते आधार वजन उचलायला लागले की अंग आत दबतं आणि आतून थर सुटतात. बाहेरून काही दिसतही नाही. आणि बोल्ट गंजले असतील तर ते मला आत्ताच कळायला हवं, रत्नागिरीच्या समुद्रात नको. काढायची.

11 जानेवारी

पाळणा तयार. 75 मिलिमीटरचा लोखंडी चॅनेल, मधोमध सागाचा जाड ओंडका, त्यावर जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर. बाजूला चार खांब, प्रत्येकावर स्क्रूवर पुढं-मागं होणारी पाटी. मिस्त्री म्हणाले, "पाट्या फिक्स मारू की, स्क्रूचा खर्च कशाला?" मी फोटोवरच्या टेपवर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. सगळं नट-बोल्टवर, सुटं करून दोन गठ्ठ्यांत बांधलं. कास्टिंगच्या गाडीतूनच तिकडं जाणार.

14 जानेवारी

संक्रांत. तिकडं पोंगल. चार-पाच दिवस चेन्नईत क्रेनवाला फोन उचलणार नाही असं मालकांनी सांगितलंच होतं. तिळगूळ.

20 जानेवारी

गाडी गेली. पाळण्याचे दोन गठ्ठे मागच्या फाळक्याजवळ. ड्रायव्हर हातकणंगलेकडचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी सांगितलं, कास्टिंग उतरल्यावर हे गाडीतच ठेवा. मामा म्हणाले, "व्हय व्हय."

22 जानेवारी

काल हरिप्रिया एक्सप्रेसनं निघालो. समोरच्या बाकावरच्या मावशींनी विचारलं, "बालाजीला?" तिरुपतीची गाडी, प्रश्न चुकला नाही. मी म्हणालो, होडी आणायला. त्यांनी डबा उघडला आणि दशमी दिली, पुढं काही विचारलं नाही. तिरुपतीहून बसनं चेन्नई, तिथून कोवलम. पोचायला रात्र झाली.

होडी पाहिली. फोटोपेक्षा मळकी, पण अंग खणखणीत.

23 जानेवारी

आजचा दिवस फुकट, आणि चूक माझी.

सकाळी मामांचा फोन. कास्टिंगचे पॅलेट फोर्कलिफ्टनं उतरवताना स्टोअरच्या पोरांनी मागचे दोन गठ्ठेही उतरवून आत नेले. मामा त्या वेळी कागद सही करायला खिडकीवर होते. परत मागितले तर गेटवर नकार.

दोन बस बदलून ओरगडमला गेलो. सिक्युरिटीवाला भला माणूस, हिंदी येणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं: माल आत आल्याची नोंद रजिस्टरमध्ये नाही. जो आत आलाच नाही तो बाहेर कसा सोडू? मी म्हणालो, तो समोर दिसतोय. तो म्हणाला, दिसतोय, पण आलेला नाही.

त्याचं बरोबर होतं. मी पाळण्यासाठी वेगळं डिलिव्हरी चलन केलंच नव्हतं. विक्रीचा माल नाही, मग कागद कशाला, असा विचार. विक्री नसतानाच तर डिलिव्हरी चलन लागतं. जीएसटीच्या नियम 55 मध्ये तेच आहे, आणि मी वर्कशॉपमधून जॉबवर्कचा माल रोज त्याच कागदावर पाठवतो. स्वतःच्या कामात मात्र विसरलो.

मग मित्राला फोन. त्यानं आजच्या तारखेचं चलन करून मेल केलं: "होडी वाहतुकीचा फिक्स्चर, 2 गठ्ठे, परत न्यायचा." गेटवरच्या ऑफिसात छापून घेतलं. आधी ते आत आल्याची नोंद झाली. मग तो माल स्टोअरनं बघितल्याची सही. मग खरेदी खात्यानं हा आपला नाही असं लिहून दिलं. मग बाहेर काढायचा गेट पास, त्यावर चार सह्या. तिसरी सही करणारे जेवायला गेलेले. साडेदहाला गेलो होतो, पाळणा गाडीत चढला तेव्हा साडेपाच. लोखंड 110 किलो, कागद सात.

मामा दिवसभर गाडीच्या सावलीत झोपले होते. "मालक, म्या व्हय म्हनलो हुतो खरं," एवढंच म्हणाले. हॉल्टिंग एक दिवस माझ्या नावावर.

24 जानेवारी

कील काढली.

सहा स्टड, 20 मिलिमीटरचे, नट होडीच्या आत फळीखाली. 30 चा पाना, त्यावर चार फुटी पाइप. चार नट कुरकुरत सुटले. पाचवा रात्रभर तेल पिऊनही हलला नाही, छिन्नीनं फोडला. सहावा हातानं सुटला. पाना लागलाच नाही. मला तोच आवडला नाही.

नऊ वाजता हायड्रा क्रेन आला. ऑपरेटर तमिळ, मला तमिळ येत नाही, त्याला हिंदी चार शब्द. पण "आरिया" म्हटल्यावर त्यानं हूक खाली घेतला आणि "हबेस" म्हटल्यावर वर. हे खलाशांचे शब्द उद्यमनगरात मशिन चढवणारे आमचे हमालही वापरतात, जन्मात समुद्र न बघता. पुढचे दोन तास आमची भाषा ह्या दोन शब्दांची.

बेल्ट कुठं लावायचे हे ठरवायला अंग ठोकत फिरलो. बोटाची गाठ होडीच्या अंगावर मारायची. पोकळ जागी डब-डब वाजतं. आत आडवी भिंत असेल तिथं आवाज एकदम आखूड होतो, टक्. त्या जागी खडूनं रेघ मारायची. दोन्ही बाजूंनी ठोकून रेघा जुळल्या की ती भिंत खरी. दोन भिंती मिळाल्या: एक डोलकाठीच्या बुडाशी, एक बसायच्या खोबणीच्या पुढच्या कडेला. बेल्ट तिथं, आणि पाळण्याच्या पाट्याही तिथंच. वरची कड बेल्टनी आत दबू नये म्हणून दोन्ही बेल्टांना वर आडवे वासे लावले.

हायड्रानं होडीचं वजन घेतलं तरी कील सुटेना. सांध्यात भरलेला जुना मसाला धरून बसलेला. फटीत करवतीचं पातं घालून चौघांनी आळीपाळीनं कापलं, मग लाकडी पाचरी. वीस मिनिटं काहीच नाही. मग कुणी हात न लावता थप्प आवाज आला आणि कील दोन इंच खाली फळ्यांवर बसली. फटीतून तांबडं पाणी गळलं.

सहाव्या स्टडची कंबर बघितली. वर-खाली 20, मधे जिथं होडी आणि कील एकमेकांना भेटतात तिथं 11 मिलिमीटर. स्टेनलेसच आहे. पण मसाल्याआड हवा पोचत नाही, आणि हवा नसेल तर स्टेनलेसवरचा संरक्षक पापुद्रा टिकत नाही. खारट ओल साचते आणि धातू तिथल्या तिथं खाल्ला जातो. वरून नट चकचकीत. फोटो काढून मित्राला पाठवला. त्यानं एक अंगठा पाठवला.

25 जानेवारी

भरली.

आधी पाळणा, मग होडी. बाजूच्या पाट्या खडूच्या रेघांवर आणल्या. दोन पाट्या फोटोच्या मापापेक्षा दीड इंच बाहेर घ्याव्या लागल्या. (मिस्त्रींना सांगणार.) पाट्या घट्ट केल्या नाहीत, कागद सरकवला तर अडकेल इतपतच. कील नाळेखालच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखालच्या, रिकाम्या जागेत आडवी, चारी बाजूंनी लाकडी ठोकळे तळाला खिळवून, वर साखळी. डोलकाठी दोन लाकडी खाचांवर: एक होडीच्या टपावर, एक ट्रकच्या केबिनवर. पुढचं टोक बंपरच्या आत 9 इंच. सगळ्यात उंच जागा जमिनीपासून 10 फूट 3 इंच.

ताडपत्रीवरून मामांशी वाद. ते म्हणाले, "उघडा माल न्यायाचा म्हंजे कसं वाटतं?" पण सैल ताडपत्री वाऱ्यानं फडफडते आणि तीन दिवसांत अंगावरची चकाकी काथ्यासारखी घासून काढते. फक्त दारं-खिडक्या टेपनं बंद केल्या. बांधायला मी पट्टे आणले होते, रॅचेटचे. मामांनी चार पट्टे ओढले, समाधान झालं नाही, मग वरून आपला दोर टाकला आणि उसाच्या गाडीला मारतात ती गाठ मारली. दोराखाली गोणपाट. ती गाठ पट्ट्यापेक्षा घट्ट निघाली, हे लिहून ठेवायला हवं.

कागद: विक्रीचं पत्र, मालकांच्या ओळखपत्राची प्रत, ट्रान्सपोर्टची बिल्टी (शिक्का "ओनर्स रिस्क"), ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद. होडी माझ्या स्वतःच्या नावावर, विकणाराही नोंदणी नसलेला, त्यामुळं ई-वे बिल ऐच्छिक आहे. तरी नागरिकांसाठीच्या पर्यायातून काढलं. रस्त्यावर रात्री दोन वाजता "ऐच्छिक" हा शब्द समजावत बसायचा नव्हता. दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे पाच दिवसांची मुदत. त्याच पानावर मोठ्या आकाराच्या मालाचा पर्याय आहे, त्याला दिवसाला 20 किलोमीटर धरतात. तो चुकून निवडला असता तर 48 दिवस.

रात्री साडेनऊला निघालो. मी केबिनमध्ये. केळंबाक्कम, वंडलूर, ओरगडम. कारखान्याच्या गेटसमोरून जाताना मामांनी हॉर्न दिला.

26 आणि 27 जानेवारी

पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर श्रीपेरुंबुदूरजवळ थांबून पट्टे तपासले. दोन सैल झाले होते. दोर नाही. नंतर दर चहाला तपासत गेलो, पुन्हा सैल झाले नाहीत.

वेल्लोर, कृष्णगिरी, होसूर. बंगळूर बाहेरून, नाइस रोडनं तुमकूर रोडला. वेग 45-50. चित्रदुर्गाला मुक्काम. झेंडावंदनाचा दिवस, ढाब्यावर टीव्हीवर संचलन पुन्हा दाखवत होते. हुबळी-धारवाड बायपासला रुंदीकरण चालू, तिथं धूळ आणि खड्डे. होडी हलली नाही. एकाच ठिकाणी अडवलं. पोलिसांनी कागद बघितलेच नाहीत, होडीला हात लावला आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मामांना कन्नड येतं. विचारलं काय म्हणून मी विचारलं. "पुरासाठी काय म्हनत्यात."

तवंदी घाट रात्री हळू उतरलो.

28 जानेवारी

पहाटे कोगनोळी, कागल. सहापदरीकरणाची वळणं, उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गोकुळ शिरगावला सातला पोचलो.

960 किलोमीटर बिनबोभाट आलेली गाडी शेडपासून ऐंशी फुटांवर अडकली. गल्लीत इंटरनेटची केबल आडवी लोंबत होती. निघण्यापूर्वी मी बांबूवर अंदाजे उंचीची खूण करून सगळ्या वायरी मोजल्या होत्या; ही नंतर टाकलेली. विजेची नाही याची आधी शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून खात्री केली, मग कोरड्या बांबूच्या बेचक्यानं उचलून धरली आणि मामांनी गाडी इंच-इंच आत घेतली. बेचकं धरायला शेजारच्या शेडमधली चार पोरं आली. उरलेली वीस होडी बघायला.

हायड्रा, बेल्ट, वासे, तेच सगळं उलट क्रमानं. "आरिया." पाळण्यासकट होडी शेडमध्ये साडेदहाला. पाट्यांखालचं अंग आतून बॅटरी लावून तपासलं, ठोकून बघितलं. कुठं तडा नाही, कुठं आवाज बदललेला नाही. कोवलमच्या खडूच्या रेघा तशाच होत्या. खोबणीतला केरकचरा झाडला तर ओंजळभर वाळू आणि नारळाच्या सुकलेल्या काड्या निघाल्या.

खर्च: भाडं 34,000, हॉल्टिंग 2,000, क्रेन दोन्हीकडची मिळून 9,500, पाळणा 14,200, रेल्वे-बस-राहणं 3,100. एकूण 62,800. पाळणा कोकणात उतरताना पुन्हा वापरणार, म्हणून तो मी निम्माच धरतो. घरात तसं धरलेलं नाही.

मामांना जेवायला बसवलं. निघताना त्यांनी दोर सोडून गुंडाळून घेतला आणि पट्टे मला परत दिले.

30 जानेवारी

टर्नरकडे स्टड दिले. 20 मिलिमीटर, 316 ग्रेडचं स्टेनलेस, सहा नग, सॅम्पल सोबत. त्यानं कंबर खाल्लेला स्टड उजेडात धरून फिरवला, व्हर्नियर लावला आणि विचारलं, "हे मधलं 11 चं माप पण तसंच ठेवायचं काय?"